ग्रिड करंट पिते तेव्हा

भाच्याने गिटारचा ॲम्प्लिफायर घरी बांधला. तोही व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा; आजची पोरं त्याला ट्यूब ॲम्प म्हणतात. एका रविवारी सकाळी ते धूड स्कूटरवर पायांत धरून तो आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरी आला. पोहे-जलेबी संपायच्या आत तक्रार सांगून मोकळा झाला. "मामा, हलक्या हाताने वाजवलं की काय गोड बोलतो! पण जाड तार जोरात छेडली की फर्रर्र करतो आणि मग क्षणभर आवाजच गिळतो. पुढचा सूर अर्धा गायब."

गिळतो हा शब्द त्याच्या तोंडून सहज गेला, पण रोग त्यातच होता.

मी गिटारवाला नाही. माझा हात जुन्या रेडिओंवर बसलेला आहे, त्यामुळे माझी पहिली शंका गळक्या कंडेन्सरवर गेली. (पुस्तकात कपॅसिटर, दुकानात कंडेन्सर. मी दुकानातला शब्द वापरणार.) जुन्या रेडिओतले कागदी कंडेन्सर गळू लागले की आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवरचं व्होल्टेज झिरपून पुढच्याच्या ग्रिडवर येतं. (प्लेट म्हणजे व्हॉल्व्हची सिग्नल बाहेर देण्याची बाजू, ग्रिड आत घेण्याची. खुलासा पुढे येतो.) ते तपासायला सोपं असतं. गिटार शांत ठेवायची आणि ग्रिडवर मीटर लावायचं. अधिक व्होल्टेज दिसलं तर कंडेन्सर गळका. मी माझं काट्याचं जुनं मीटर १० व्होल्टवर ठेवलं, काळी पिन चेसिसला, म्हणजे ॲम्पच्या धातूच्या सांगाड्याला, आणि लाल पिन दुसऱ्या व्हॉल्व्हच्या ग्रिडला लावली. काटा शून्यावर. कंडेन्सर निर्दोष. म्हटलं, आता वाजव.

त्याने जाड तार छेडली आणि फर्रर्र जवळजवळ नाहीसं झालं होतं! काटा मात्र शून्याच्या डावीकडे, खालच्या खिळ्यावर जाऊन आपटला. पिन काढली की रोग परत, लावली की गायब. डॉक्टरांच्या दारात पाऊल ठेवताच पोटदुखी थांबते, तशातली गत.

मग भाच्याचं डिजिटल मीटर लावलं. ते लावलेलं असतानाही ॲम्प मजेत फर्रफर्र करत होता. रिकाम्या वेळी आकडा शून्य, आणि जोरात वाजवत राहिलं की उणे सव्वातीन, साडेतीन. आता गंमत अशी की ॲम्पच्या त्या पुढच्या भागात उणे व्होल्टेज कुठूनही येत नाही. पुरवठा अधिक ३०० व्होल्टचा आणि बाकी सगळं चेसिसला बांधलेलं. मग हे उणे साडेतीन आलं कुठून?

उत्तरासाठी व्हॉल्व्हच्या पोटात जावं लागेल. आत कॅथोड असतो, तो तापला की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. समोर प्लेट असते, तिच्यावर भरपूर अधिक व्होल्टेज, म्हणून इलेक्ट्रॉन तिकडे धावतात. १९०६ साली ली डी फॉरेस्ट यांनी या दोघांच्या मधे तिसरी गोष्ट घातली, तीच ग्रिड. ग्रिड म्हणजे खरोखर जाळीच. ही जाळी कॅथोडपेक्षा थोडी उणे ठेवली की इलेक्ट्रॉन तिच्यावर बसत नाहीत, भोकांतून पलीकडे जातात. ती किती उणे आहे त्यावर किती जण पलीकडे जातील ते ठरतं. जाळी स्वतः काहीच खात नाही. तिला फक्त व्होल्टेज दाखवायचं आणि तिने प्लेटचा मोठा करंट हलवायचा. "ग्रिड करंट घेत नाही" हे वाक्य आम्हाला पहिल्याच धड्यात घोकायला लावलं होतं.

रेडिओत आणि चांगल्या हाय-फायमध्ये ते वाक्य खरं ठरतं, कारण तिथे कोणी ग्रिडच्या अंगावर जात नाही. गिटारवाला जातो. ओव्हरड्राइव्ह म्हणजे दुसरं काही नाही, व्हॉल्व्हला झेपेल त्याहून मोठा सिग्नल मुद्दाम देणं. तिथे धड्यातलं ते वाक्य खोटं ठरतं, आणि गिटारचा आवडता आवाजही त्या खोटेपणातून येतो आणि फर्रर्रही.

आकडे घेऊ, म्हणजे हवेत राहणार नाही. भाच्याच्या ॲम्पमध्ये १२एएक्स७ आहे. युरोपात त्यालाच ईसीसी८३ म्हणतात. एका काचेत दोन व्हॉल्व्ह. प्रत्येकाच्या प्लेटला १०० किलोओहमचा रेझिस्टन्स, कॅथोडला दीड किलोओहमचा. साधारण १ मिलिॲम्पिअर करंट वाहतो, म्हणून प्लेटवर २०० व्होल्ट उरतात आणि कॅथोड चेसिसच्या वर दीड व्होल्ट उचलला जातो. ग्रिड १ मेगओहमच्या रेझिस्टन्समधून चेसिसला बांधलेली, म्हणजे शून्यावर. कॅथोड अधिक दीडवर आणि ग्रिड शून्यावर, म्हणून कॅथोडच्या नजरेतून ग्रिड उणे दीडवर. यालाच बायस म्हणतात. मीटर चेसिसपासून मोजतं आणि व्हॉल्व्ह कॅथोडपासून, हा फरक डोक्यात पक्का बसवा. पुढे मी व्हॉल्व्हच्या नजरेतूनच बोलणार आहे.

असा एक व्हॉल्व्ह म्हणजे एक टप्पा, तो सिग्नल साठेक पट वाढवतो. गिटारमधून ०.१ व्होल्टचं शिखर आलं तर पहिल्या टप्प्यातून ६ व्होल्टचं निघतं. ते दोन टप्प्यांमधल्या कंडेन्सरमधून पुढच्या ग्रिडवर पोचतं. उणे दीडवर बसलेल्या ग्रिडला ६ व्होल्ट वर ढकललं तर ती अधिक साडेचारवर जायला हवी. जात नाही. शून्याच्या जवळ पोचताच तिच्यावर इलेक्ट्रॉन बसू लागतात आणि ग्रिड-कॅथोड मिळून एक डायोड होतो. त्या अवस्थेत ग्रिडचा अडसर दोनेक किलोओहम धरा. आधीच्या टप्प्याच्या पोटातला अडसर ४० किलोओहमच्या आसपास, म्हणून साडेचारपैकी ग्रिडच्या वाट्याला पाव व्होल्टही येत नाही. लाटेचा माथा तासल्यासारखा सपाट होतो.

हा सपाट माथा रोग नाही. हाच तो भरलेला, किंचित खरखरीत आवाज, ज्यासाठी लोक ट्रान्झिस्टर सोडून व्हॉल्व्हमागे धावतात. तो पुष्कळदा प्लेटवर नाही, ग्रिडवरच तयार होतो, हे बऱ्याच बांधणाऱ्यांच्याही लक्षात येत नाही.

अडचण इलेक्ट्रॉनांच्या परतीच्या वाटेची आहे. ग्रिडवर बसलेला इलेक्ट्रॉन कॅथोडकडे परत उडू शकत नाही, कारण ग्रिड थंड असते, तिच्यातून काही सुटत नाही. समोर कंडेन्सर, त्याच्यातून सिग्नलची लाट पोचते, पण इलेक्ट्रॉनला आरपार वाट नाही. ते सगळे कंडेन्सरच्या ग्रिडकडच्या पत्र्यावर साचतात. बाहेर जायला एकच वाट उरते, ती १ मेगओहमच्या रेझिस्टन्समधून. त्याला ग्रिड लीक म्हणतात, आणि नाव अगदी रास्त आहे. टपटप गळणं एवढंच त्याचं काम.

वाण्याकडच्या उधारीसारखं आहे हे. उधार घेताना एका झटक्यात पोतं घरी येतं, फेडताना हप्ते. भरायची वाट ४२ किलोओहमची आणि रिकामी व्हायची १ मेगओहमची, म्हणजे घेण्याचा वेग फेडण्याच्या पंचवीसपट. प्रत्येक लाटेचा माथा थोडी उधारी चढवतो, पुढच्या माथ्यापर्यंत ती फिटत नाही, वर आणखी चढते. साचलेले इलेक्ट्रॉन उणे असतात, म्हणून ग्रिडचं सरासरी व्होल्टेज खाली खाली सरकतं. ते कुठे थांबतं? जिथे दर लाटेला घेतलेलं आणि फेडलेलं बरोबर जुळतं तिथे. ६ व्होल्टच्या सिग्नलला मी कागदावर हिशेब केला, तर ते ठिकाण उणे पाचच्या जरा अलीकडे येतं. त्यात कॅथोडचे दीड मिळवा, चेसिसपासून मोजल्यास उणे साडेतीनच्या आसपास. डिजिटल मीटर तेच तर सांगत होतं. उणे व्होल्टेज कुणी पुरवलं नव्हतं. ग्रिडने स्वतःच सिग्नल खाऊन ते साठवलं होतं.

आता उणे पाच म्हणजे काय याचा विचार करा. ३०० व्होल्टच्या पुरवठ्यावर १२एएक्स७ उणे साडेतीनच्या आसपास जवळजवळ बंद पडतो. सरासरीच त्याच्या खाली गेली, म्हणजे व्हॉल्व्ह लाटेचा बहुतेक वेळ झोपलेला आणि फक्त माथ्याला क्षणभर जागा. बारीक बारीक टोकं पुढे जातात आणि मधलं सगळं कोरं राहतं. कानाला तेच फर्रर्र लागतं.

खरी मेख मात्र सिग्नल उतरतो तेव्हा आहे. तार छेडल्याचा पहिला जोर ओसरला, किंवा पोराने तळहाताने तार दाबून पुढचा सूर हळू घेतला. आता सिग्नल अर्ध्या व्होल्टचा, तो निमूट ऐकवायला हवा. पण ग्रिड उणे पाचवर अडकलेली, मागची उधारी अजून शिल्लक. ती साडेतीनपर्यंत वर येईतो व्हॉल्व्ह बंद आणि तोपर्यंतचा आवाज गिळला. याला ब्लॉकिंग डिस्टॉर्शन म्हणतात. फर्रर्र सगळ्यांना ऐकू येतं, पण पैसे परत मागावेत अशी चूक ही गिळण्याची.

ती किती वेळ गिळते ते कंडेन्सर ठरवतो. या जागी पुष्कळ ॲम्पमध्ये ०.०२२ मायक्रोफॅरडचा असतो. त्याला १ मेगओहमने गुणलं की २२ मिलिसेकंद. उणे पाचवरून उणे साडेतीनवर यायला त्यातले बारा लागतात. गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजली तर सेकंदाला ८२ वेळा थरथरते, म्हणजे एक थरथर बारा मिलिसेकंदांची. एकच थरथर गेली, फारसं कळत नाही. मी भाच्याला विचारलं, इथे किती मायक्रोफॅरडचा लावलास? म्हणाला, "०.१ चा. जेल रोडवर दोन्ही मिळत होते. मोठा लावला की बेस जास्त येतो ना, म्हणून." बेस येतो हे खरं. पण ०.१ आणि १ मेगओहम म्हणजे १०० मिलिसेकंद, आणि व्हॉल्व्हला जागं व्हायला पंचावन्नच्या वर. जाड तारेच्या साडेचार थरथरी. जलद वाजवणाऱ्याचा एक सूर त्यात अर्धा बुडतो.

मला हे ओळखीचं का वाटलं, तर आमच्या घरच्या जुन्या रेडिओत हीच युक्ती मुद्दाम केलेली असते. १९५५ साली इंदूरला आकाशवाणीचं केंद्र सुरू झालं. मालवा हाऊस शहरातच, त्यामुळे तिथला सिग्नल घराघरांत दणकट यायचा आणि दूरची स्टेशनं कुजबुजत यायची. दोन्ही सारख्याच आवाजात ऐकू यावीत म्हणून रेडिओ आलेला सिग्नल डायोडने एकदिशा करतो, त्याचं उणे व्होल्टेज कंडेन्सरमध्ये साठवतो आणि आधीच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडना देतो. सिग्नल दणकट तर व्होल्टेज जास्त उणे आणि वाढ कमी. स्टेशन नीट लागलं की नाही ते दाखवणारा हिरवा जादूचा डोळा असायचा, त्याची पापणी मिटायची ती याच व्होल्टेजवर. तिथे डायोड वेगळा असतो आणि सगळं मोजूनमापून. भाच्याच्या ॲम्पमध्ये तोच डायोड ग्रिड आणि कॅथोडमध्ये आयता तयार होत होता, कुणी न बोलावता.

आणि माझ्या काट्याच्या मीटरचा चमत्कार? ते मीटर दर व्होल्टला २० हजार ओहमचं. १० व्होल्टच्या पट्टीवर त्याचा स्वतःचा अडसर २०० किलोओहम. ते ग्रिडला लावलं म्हणजे १ मेगओहमच्या जोडीला फेडीची पाचपट रुंद वाट उघडली. उधारी भराभर फिटू लागली, ग्रिड खोल बुडेना, बुडाली तरी लवकर वर येई. १० मेगओहमच्या डिजिटल मीटरचा भार जवळजवळ नाही, म्हणून रोग होता तसा दिसला. जुन्या मीटरने खोटं सांगितलं असं मी म्हणणार नाही. रोगाचं कारण बोटाने दाखवलं ते त्यानेच.

भाच्याच्या मित्राकडे हातात मावेल एवढा स्कोप, म्हणजे पडद्यावर लाट काढून दाखवणारं यंत्र, होता, तो संध्याकाळी आला. पिनेवरचा खटका एकावर होता, तो मी आधी दहावर केला. एकावर स्कोपचा अडसर पुष्कळदा १ मेगओहमच असतो, म्हणजे पुन्हा मापणाराच उपचार करायचा. पडद्यावर सगळं सोलून दिसलं. तार छेडली की लाटेचा माथा शून्याशी कापलेला, पुढच्या तीन-चार लाटांत अख्खी लाट जिना उतरावा तशी खाली सरकते, आणि तार दाबली की रेघ सावकाश, आळशासारखी वर येते. पुस्तकातल्या दहा पानांचं काम त्या वर येणाऱ्या रेघेने केलं.

मधेच एक सांगून ठेवतो. हे उघड्या चेसिसवरचे उद्योग ३०० व्होल्टचे आहेत. बटण बंद करून वायर काढली तरी मोठे फिल्टर कंडेन्सर भरलेले असू शकतात. ते रेझिस्टन्समधून रिकामे करायचे, मीटरने शून्य झालेलं बघायचं, मगच हात घालायचा. पेचकसाने ठिणगी काढून रिकामे करणारे शूर मी बघितलेत, त्यांच्या भानगडीत पडू नका.

इलाजाकडे येऊ. पहिला इलाज बिनखर्चाचा: ०.१ काढून ०.०२२. गिळणं कमी झालं, फर्रर्र थोडं राहिलं, कारण ग्रिड शेवटी तितकीच खोल जाते, फक्त लवकर वर येते. बेस कमी होईल म्हणून भाचा हळहळत होता. पण ०.०२२ आणि १ मेगओहम मिळून खाली सेकंदाला ७ थरथरींपर्यंतचं पुढे जाऊ देतात, गिटार ८२ च्या खाली उतरत नाही. गेलं ते त्याचं नव्हतंच.

खरा इलाज उधारी घेण्याचा वेग कमी करणं. ग्रिडच्या अगदी तोंडाशी एक रेझिस्टन्स लावायचा, त्याला ग्रिड स्टॉपर म्हणतात. एरवी ग्रिड करंट घेत नाही, म्हणून तो असून नसल्यासारखा. ग्रिड प्यायला लागली की मात्र तिला कापडातून पाणी ओढावं तसं ओढावं लागतं. आम्ही थेट ४७० किलोओहमचा लावला. फर्रर्र गेलं, पण त्याच्याबरोबर तारांची चमकही गेली, गिटार रजईखालून बोलू लागली. त्याचं कारण ग्रिड आणि प्लेट यांच्यामधली नखभर कपॅसिटी, दीड-पावणेदोन पिकोफॅरड. प्लेट साठ पट उलटी हलते, म्हणून ग्रिडला ती शंभरेक पिकोफॅरडची भासते. ४७० किलोओहम आणि १०० पिकोफॅरड मिळून ३,४०० हर्ट्झच्या वरचं खाऊ लागतात. २२० किलोओहम लावला तर ती हद्द ७,२०० वर जाते, आणि गिटारचा स्पीकर पाच हजारांच्या वर तसाही थकतो. तोच ठेवला. कागदावर ग्रिड आता उणे साडेतीनच्या आसपास थांबते, बंद पडण्याच्या उंबऱ्यावर. सिग्नल उतरला की लगेच ऐकू येतं.

आणखी वाटा आहेत. मार्शल आणि फेंडर या गिटार ॲम्पच्या नामांकित कंपन्या. मार्शलच्या जेसीएम८०० मध्ये दोन टप्प्यांच्या मधे ४७० किलोओहमची जोडी आहे. ती सिग्नल अर्धा करते आणि ग्रिडला करंटही फारसा पिऊ देत नाही. चमक जाऊ नये म्हणून वरच्या रेझिस्टन्सवरून ४७० पिकोफॅरडचा छोटा कंडेन्सर टाकलाय. फेंडरच्या जुन्या बेसमनमध्ये आणि त्याच्यावरून १९६२ च्या सुमारास बेतलेल्या पहिल्या मार्शलमध्ये एक टप्पा कंडेन्सरशिवाय थेट जोडलेला आहे. तिथेही ग्रिड पिते आणि माथा दबतो, पण साठवायला भांडंच नाही, त्यामुळे गिळणं नाही. मला ती रचना सगळ्यात देखणी वाटते.

शेवटच्या, ताकदीच्या व्हॉल्व्हांतही हेच चालतं, फक्त आकडे मोठे. तिथे ग्रिड लीक २२० किलोओहमचा. मधला कंडेन्सर फेंडरमध्ये बहुधा ०.१, म्हणजे २२ मिलिसेकंद, मार्शलमध्ये ०.०२२, म्हणजे पाच. सगळं टोकाला नेऊन वाजवणाऱ्याला हा फरक कानाला कळतो.

थोडी उधारी मात्र राहू द्यावी, या मताचा मी आता झालोय. ग्रिड जरा सरकली की छेडल्यावर आवाज क्षणभर दबतो आणि मग फुलतो. भाच्याच्या बोटांना ते आवडलं. म्हणून मी आणखी मोठा स्टॉपर लावायचा हट्ट केला नाही.

रात्री नऊला त्याने पुन्हा जाड तार हाणली. समोरच्या गॅलरीत काकू बाहेर आल्या, आवाज आला म्हणून, गेला म्हणून नव्हे. डिजिटल मीटरवर उणे दोन. झाकण बंद करण्याआधी भाच्याने चेसिसच्या आत मार्करने लिहिलं: "२२० के, ०.०२२. मामाचं मीटर काढलं तरी चालतं."